कुडतरकर बाईंची मंडळी

कुडतरकर बाई आमच्या वाडीत पावणेदोन वर्षं येत होत्या, पण त्यांना बसलेलं मी पाहिलं ते फक्त रिक्षात. खुर्ची पुढे केली की तिच्यावर त्यांची पिशवी बसायची आणि बाई उभ्याच. पोहे दिले तर बशी हातात घेऊन विहिरीभोवती फिरत खायच्या. खाता खाता थांबायच्या, काठावरून वाकायच्या, पुन्हा चालायला लागायच्या. बशी शेवटी कुठल्यातरी केळीच्या बुंध्याशी सापडायची.

"या बाईच्या पायात मुंग्या हायेत का काय?" माझ्या सासूबाई म्हणायच्या. "हिला बघून मलाच दम लागतो."

बाई ऐकायच्या आणि हसायच्या. "आजी, मी बसले की मला डुलकी लागते. आणि डुलकी लागली की काहीतरी चुकतं."

वय पन्नाशीच्या पुढे. अंगाने किडकिडीत. सलवारीवर पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, अंबाड्यात पेन खोचलेलं. खांद्याला बर्फाचा निळा डबा, त्यात छोट्या बाटल्या. मूळच्या कोकणातल्या, नोकरी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत, राहायला विरारला मनवेलपाड्यात. तिथून आमच्या गिरीजला त्या सकाळी सात-साडेसातला यायच्या. गेटातून आत शिरायच्या आधीच त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे.

"काय गो सुमन, काल पाऊस झाला? किती? पागोळ्या लागल्या की नुसता शिडकावा? विहिरीत वरून पाणी पडलं? झाकण का नाही घातलंस?"

मी पहिल्याचं उत्तर जुळवत असायची आणि बाई चौथ्यावर. मला माणसांपुढे बोलता येत नाही. शब्द घशात येतात आणि तिथंच राहतात. दोन-तीन फेऱ्यांत त्यांच्या हे लक्षात आलं. एक कोरी वही माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "मला बोलून सांगू नकोस. लिहीत जा. रोज सकाळी पाण्याचा वास कसा आहे ते लिही. तोंड खाली घालून हुंगायचं नाही हं. लांबून, हाताने वारा नाकाकडे घ्यायचा. असा."

माझी शाळा चौथीपर्यंत. मी भीत भीत लिहिलं, "आज वास कमी. ढवळल्यावर जास्त." बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली. "हे बघा! माझ्या यंत्राला ढवळल्यावर म्हणजे काय ते कळत नाही. हिला कळलं." तेव्हापासून मला लिहायची सवय लागली. हेही त्याच सवयीने लिहिते आहे, कुणाला दाखवायला नाही.

बाई का आल्या ते सांगायला हवं. आमची वाडी केळीची आणि नारळाची, मधे थोडं अळू, वांगी, पालेभाजी. सगळ्याला मिळून एक विहीर. वाडीच्या मागच्या कुंपणापलीकडे ट्रकचं एक गॅरेज होतं, ते बंद पडलं होतं. त्याच्या जमिनीत डिझेलची टाकी पुरलेली होती आणि ती कधीपासून झिरपत होती देव जाणे. एका वर्षी पावसाळा सरला आणि आमच्या पाण्याला वास यायला लागला. पाण्यावर पारव्याच्या मानेसारखे रंग दिसू लागले. अळूची पानं कडेने करपली. तक्रारी झाल्या, माणसं येऊन बघून गेली, टाकी उकरून नेली. पण मातीत उतरलं होतं ते तसंच राहिलं. दुसऱ्या बाजूच्या मार्तिनाकाकींची विहीर वाचली होती. त्यांच्याकडून पाइप आणून आम्ही अर्धी वाडी कशीबशी जगवली. अर्धी वाळली.

माझे मोठे भाऊजी फुलपाड्याला फ्लॅटमध्ये राहतात. ते रविवारी यायचे आणि विहिरीत डोकावून नाक मुरडायचे. "घाण झालेली विहीर ठेवून करायचं काय? बुजवून टाकू. जागा बिल्डरला देऊ. तुम्ही पण फुलपाड्याला या, लिफ्ट आहे." त्यांच्यापुढे माझे यजमान मान हलवायचे, कारण ते लहान. सासूबाईंनी शेवटी भाऊजींकडून एवढाच शब्द घेतला, की त्यांच्या मुलीचं, आमच्या प्राचीचं लग्न होईपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही. लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. तोवर पाणी सुधारलं नाही तर माती टाकायची.

या वाडीत मी एकोणिसाव्या वर्षी आले. माझ्या हातांना दुसरं काही येत नाही. फुलपाड्याच्या गॅलरीत दोन कुंड्यांना तांब्याने पाणी घालणारी मी मला दिसायची आणि जीव घाबरा व्हायचा. आमच्या तक्रारींवरून प्रयोगशाळेने पाठवलं म्हणून बाई माघात आल्या. माघ ते मार्गशीर्ष मी बोटांवर मोजत होते.

पहिल्या दिवशी शेजारपाजार जमला. बाईंनी औषधाचं मोठं पिंप आणलं असेल असं सगळ्यांना वाटलेलं. मार्तिनाकाकी सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून.

"औषध कुठंय?"

"औषध नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याच जमिनीत जिवाणू आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते डिझेल खातात. मी बाहेरून कुणाला आणलेलं नाही."

"खातात? मंग येवढे दिवस उपाशी का बसले?"

"छान विचारलंत! उपाशी नाहीत, गुदमरलेत. ताटात ढीगभर भात, पण मीठ नाही, आमटी नाही, आणि खोलीची दारंखिडक्या बंद. कोण जेवेल? त्यांना हवा पाहिजे आणि थोडं खत पाहिजे."

"कसलं खत?"

"तुम्ही केळीला घालता तेच. युरिया, सुपर फॉस्फेट."

काकींनी पदर खोचला आणि निघाल्या. जाताना गेटापाशी त्यांचा आवाज आला, "आमाला वाटलं शास्त्रज्ञ येनार. ही तर युरिया घेऊन आली."

बाईंना याचा राग नाही आला. उलट पुढे दर वेळी पंप लावताना काकींना हाक मारायच्या, "काकी, युरियावाली आली हो!"

गॅरेजची जागा आणि आमची विहीर यांच्यामध्ये, कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे, त्यांनी सहा बारीक बोअर मारून घेतले, त्यांत पाइप सोडले आणि एका पंपाने आत हवा ढकलायला सुरुवात केली. त्या न दिसणाऱ्या जिवांना त्या मंडळी म्हणायच्या. आल्या आल्या पहिला प्रश्न पावसाचा आणि दुसरा, "मंडळी जेवली का?" ते ओळखायची त्यांची रीत मला फार आवडायची. आदल्या संध्याकाळी मी विहिरीचं पाणी एका बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून अंधारात ठेवायची. त्याआधी त्यांचं तारेचं यंत्र बुडवून आकडा लिहायची. सकाळी बाई पुन्हा आकडा बघायच्या. पाण्यातली हवा कमी झालेली असली की टाळी वाजवायच्या. "घेतला श्वास! म्हणजे जेवतायत!"

पाण्यावरचा तेलाचा तवंग उचलायला त्यांनी कसलेतरी पांढरे कापडाचे रोल आणले होते. सासूबाईंनी बघितलं आणि नारळाच्या सोडणांचा काथ्या कुटून, जाळीच्या पिशव्यांत भरून पाण्यावर सोडला. संध्याकाळपर्यंत पिशव्या काळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या पिळल्या, वजन केलं आणि अंबाड्यातलं पेन काढलं. "आजी, नाव सांगा पूर्ण. कागदात घालते." सासूबाई लाजल्या. "माजं नाव कशाला? नारळाचं घाला."

पावसाळा आला आणि पाणी वर चढलं. वास परत आला, पहिल्यापेक्षा जोरात. माझ्या वहीत रोज एकच शब्द, "जास्त." बाई आठवड्यातून एकदा यायच्या त्या तीनदा यायला लागल्या. रेनकोट घालून पाइपांची झाकणं उघडायच्या, लावायच्या, पुन्हा उघडायच्या. ओठ चावायच्या. एकदा पडवीत पाणी निथळत उभ्या होत्या तेव्हा मी विचारलं. मी आपण होऊन काही विचारलं असं क्वचितच झालं. म्हटलं, "बाई, विहीर गेली का?"

त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. बरीच वर्षं झाली, दूरच्या एका गावात अशीच विहीर होती. उन्हाळ्यात तपासली, छान निघाली. बाईंनी कागदावर सही केली, वापरा म्हणाल्या. पावसात पाणी वर चढलं, वरच्या मातीला चिकटलेलं तेल त्याने सोडवून आणलं. तोवर त्या घरात महिनाभर तेच पाणी पीत होते. "त्या घरातली बाई माझ्याशी भांडली नाही गो. भांडली असती तर बरं. नुसती बघत राहिली." मग रेनकोटची टोपी ओढली आणि पुन्हा पावसात गेल्या.

त्यानंतर मला कळलं की बाईंच्या तोंडून हो का निघत नाही. चहा घेणार का विचारलं तरी म्हणायच्या, "बघू."

पाऊस ओसरला. आश्विनात तवंग दिसेनासा झाला. कार्तिकात मी वहीत लिहिलं, "ढवळल्यावरही नाही." बाईंनी ते वाचलं, पान उलटून मागचं वाचलं, परत पुढचं वाचलं. त्या दिवशी विहिरीभोवतीच्या फेऱ्या जरा हळू होत्या. मुंबईला नमुने पाठवते म्हणाल्या, तिथली चिठ्ठी आल्यावर बोलू. लग्नाला वीस-बावीस दिवस उरले होते.

आणि मग जे झालं ते माझ्या हाताने झालं.

आमच्या घरात मुलीच्या हळदीला घरच्या विहिरीचा एक कलश लागतो. भाऊजी मांडवाचं ठरवायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना गाठलं. "विहीर बुजवनार म्हनतोस. पोरीच्या हळदीला पानी कुठून आनशील? बिल्डिंगीच्या टाकीतून?"

भाऊजींनी विहिरीकडे मान वळवली. मग म्हणाले, "एकच कलश ना? काढा. पण शुद्ध करून काढा."

शुद्ध करायचं म्हणजे काय, ते आम्हाला एकच माहीत. दर वर्षी पावसाळ्यात माणसं टीसीएल पावडरीच्या पिशव्या देऊन जातात, ती विहिरीत टाकायची, जंतू मरतात, साथ येत नाही. लग्न झाल्यापासून हे काम माझंच. सासूबाई म्हणाल्या, "टाक गो, बाईला पन बरं वाटंल." मी बादलीत पावडर कालवली आणि भर दुपारी ओतली. एक पिशवी नाही, दोन. पाण्याला दवाखान्यासारखा वास आला. मला वाटलं, बाईंच्या कामात माझीही थोडी भर पडली. खरंच तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. बाटलीत यंत्र बुडवलं. आकडा काल होता तोच. माझे यजमान तिथंच होते, म्हणाले, "हवा भरपूर दिसते. चांगलंच की." बाईंचा चेहरा पडला होता. "कुणी श्वासच घेतला नाही," त्या म्हणाल्या. मग हाताने वारा घेतला, आणि त्यांना कळलं.

भाऊजी मांडववाल्याबरोबर पावलं मोजत होते. बाई तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पावडर टाकलीत ना? विहीर नको होती तर तोंडावर सांगायचं. मारायची कशाला?"

"ओ बाई, काय बोलताय? तोंड सांभाळा!"

"सगळी मेली! दहा महिने जगवली ती!"

"कोण मेलं? कोणाबद्दल बोलताय?"

मांडववाला टेप हातात धरून बघत राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. इतक्या वर्षांत भाऊजींसमोर मी वाढताना "अजून?" याच्या पलीकडे बोलले नव्हते. आत गेले, रिकाम्या पिशव्या घेतल्या, बाहेर आले आणि बाईंच्या हातात ठेवल्या. "मी," एवढंच म्हणाले.

बाईंनी पिशव्या बघितल्या, मला बघितलं. मग भाऊजींकडे वळून हात जोडले. जितक्या घाईने ओरडल्या होत्या तितक्याच घाईने. "चुकले मी. उगाच बोलले. माफ करा." भाऊजी मांडववाल्यावर खेकसले.

मला वाटलं आता माझी पाळी. पण बाईंचे प्रश्न सुरू झाले होते. "दोन्ही पिशव्या? अख्ख्या? किती वाजता? वरची निवळ टाकलीस की गाळासकट? पाइपांत ओतलीस?"

"नाही."

"झाकणांना हात लावलास?"

"नाही."

"मग जमिनीतली जगली आहेत. मातीच्या कणांना चिकटून असतात, तिथवर ही पावडर पोचायची नाही. येतील परत विहिरीत. फक्त हळदीपर्यंत नाही येणार." मी रडत होते. बाई म्हणाल्या, "रडू नको गो. वेळ लिही आधी. विसरशील."

हळदीच्या दिवशी सासूबाईंच्या आमंत्रणावरून बाई आल्या. साडी नेसल्या होत्या, पण ती घोट्याच्या वर खोचलेली आणि खांद्याला डबा होताच. मांडवात पाहुणे जमलेले, प्राची पाटावर बसलेली. भाऊजी तांब्याचा कलश घेऊन विहिरीपाशी आले आणि सगळ्यांसमोर बाईंना म्हणाले, "बाई, मी तुमच्याशी भांडत नाही. एकच शब्द सांगा. हा कलश भरला तर चालेल? चालेल म्हणा, मी विहिरीला हात लावत नाही. पोरीच्या हळदीची विहीर म्हणून ठेवतो. शब्द देतो."

मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. तांब्याभर पाणी, तेही हळदीत कालवून अंगाला लावायचं. कुणाचं काय बिघडणार होतं? मी असते तर म्हणाले असते. बाई वाकल्या, पाणी ढवळलं, हाताने वारा घेतला, एक फेरी मारली. पुन्हा वारा घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही?"

"डिझेलचा अंश असेल, त्यात पावडर पडली. त्याचं काय झालंय ते मला माहीत नाही. मुंबईची चिठ्ठी यायची आहे. पोरीच्या अंगाला लावायचंय. मला माहीत नाही म्हणजे नाही."

"मग बुजवू?"

"ते तुमच्या घरातलं. मी पाण्याचं सांगते."

मला बाईंचा राग आला. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. एका शब्दावर माझी वाडी अडली होती आणि तो शब्द त्यांना देता आला नाही. बाई मात्र डबा सावरत केळीतून मागे पाइपांकडे निघूनही गेल्या.

हळदीची वेळ चालली होती. तेवढ्यात मार्तिनाकाकी गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी भाऊजींच्या हातातला कलश काढून घेतला.

"बाबल्या, तोंड काय पाडतो? आमच्या विहिरीचं ने. आमच्यात पन लग्नाला विहिरीचं पानी आनतात, मला नको शिकवू."

"काकी, तसं नाही..."

"तसंच हाय. पन एक आयक. दोन वरसांनी माज्या नातवाचं लग्न. त्या टायमाला आमी वाजंत्री घेऊन तुमच्या विहिरीवर येनार, पानी न्यायला. आज दिलेलं मी परत नेनार. तवर हिच्यात एक टोपली माती पडली तर बघ! बोल, कबूल?"

पाहुणे हसायला लागले. प्राची पाटावरून ओरडली, "हो म्हणा ना बाबा, मला थंडी वाजते!" भाऊजी लाल झाले. चारचौघांत, मुलीच्या हळदीला, लहानपणी ज्या बाईने कडेवर फिरवलं तिला नाही कसं म्हणणार? "बरं काकी," ते म्हणाले. "कबूल."

बाईंना हे मी नंतर सांगितलं, तेव्हा त्या पाइपाचं झाकण पुसत होत्या. "काय? कोण येणार वाजंत्री घेऊन?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मिळाली म्हणजे. दोन पावसाळे." आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. माझा राग तिथंच उतरला असं नाही. उतरायला बरेच दिवस लागले.

चिठ्ठी आली ती अर्धवट चांगली होती. बाईंनी पंप वाढवला, खत थोडं बदललं. पंधरा-वीस दिवसांत बाटलीतली हवा पुन्हा कमी व्हायला लागली. मंडळी परतली होती. पुढच्या पावसात पाणी चढलं तेव्हा मी रोज सकाळी उठल्या उठल्या विहिरीवर जायची. वास आला नाही. एकदाच, गोपाळकाल्याच्या सुमाराला, अगदी पुसटसा आला आणि चार दिवसांत गेला. बाईंनी तेव्हा दोनदा नमुने नेले, आणि पाऊस संपल्यावर आणखी एकदा.

आश्विनातल्या एका रविवारी त्या कागद घेऊन आल्या. भाऊजी आलेले होते. बाईंनी कागद वाचून दाखवला नाही, सरळ सांगितलं. "केळीला द्या. भाजीला द्या. कपडे धुवा. पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका."

"म्हंजे झाली का चांगली?" सासूबाईंनी विचारलं.

"मी सांगितलं तेवढं करा आजी."

भाऊजींनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला, परत दिला. मग चपला काढून ते मोटारीच्या खोलीकडे गेले आणि स्वतः बटण दाबलं. पाइप खोकला, आधी गढूळ आलं, मग स्वच्छ पाणी धो धो पाटात पडायला लागलं. जवळजवळ दोन वर्षं त्या पाटातून पाणी गेलं नव्हतं. सुकलेली पानं, काटक्या, माती साचून तो बुजला होता. पाणी दोन हात गेलं आणि तुंबलं.

बाई खाली वाकल्या आणि हातांनी कचरा उपसायला लागल्या. पाणी सुटलं, त्या पुढे सरकल्या. पुन्हा तुंबलं, पुन्हा उपसलं. सलवार गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखली. "अहो बाई, ऱ्हाऊ द्या, सुमन करील ते!" सासूबाई ओरडत होत्या. बाईंना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्या पाण्याच्या पुढे दोन पावलं, वाकलेल्या, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत शिरत होत्या. थोड्या वेळाने केळीच्या पानांतून त्यांचा शर्ट तेवढा दिसत होता, मग नुसती पानं हलताना.

मी फावडं घेऊन मागे धावले. शेवटच्या वाफ्यापाशी पोचले तेव्हा तिथं कुणी नव्हतं. कुंपणातल्या फटीतून पलीकडे बघितलं. गॅरेजच्या ओसाड जागेत बाई एका पाइपावर वाकून झाकण काढत होत्या, चिखलाच्या हातांनी. मी हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता एक हात वर केला, थांब म्हणून, आणि कान पाइपाला लावला.

त्यानंतर त्यांना दुसरीकडे पाठवलं, कुठल्यातरी तेल सांडलेल्या जागी, नाव मला माहीत नाही. त्या दिवशी मात्र मी कुंपणाशी थांबले होते. माझ्यामागून पाणी आलं आणि शेवटच्या केळीच्या आळ्यात शिरलं.